उतारा, उजवे-डावे आणि सोन्याचे कण

'उतारा' हा मराठीतला मोठा कामसू शब्द आहे. तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा वेगळा, विषावरचा उतारा वेगळा, आणि मी जन्मभर मुलांना फळ्यावर लिहून दिला तो गद्य उतारा वेगळा. पण आमच्या निफाड-दिंडोरीकडच्या उसवाल्यापुढे हा शब्द काढा, त्याला एकच उतारा आठवतो. साखर उतारा. शंभर किलो ऊस गाळल्यावर किती किलो साखर पोत्यात पडली, तो आकडा. त्याच्यावर उसाचा भाव ठरतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जो रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवला तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त. म्हणजे टनाला ३३ रुपये २० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या घरात दशांश चिन्हानंतरचा एक आकडा हलला की ३,३२० रुपये इकडचे तिकडे होतात.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञान दुसऱ्या बाई घ्यायच्या. पण या दशांशाच्या मागे एक इतिहास आहे आणि तो थेट आजच्या सोन्याच्या नॅनोकणांपर्यंत जातो, हे कळल्यापासून मी त्याचा पिच्छा पुरवते आहे. माझा भाचा नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका कारखान्यात बरीच वर्षे शिफ्ट केमिस्ट होता, आणि नात पुण्यात एम.एस्सी. करते. दोघांनाही मी फोनवर भरपूर छळले. त्यातून जे हाती लागले ते आज सांगते.

आधी भाच्याची लॅब. उतारा काढतात तो पोती मोजून आणि उसाचे वजन करून. त्यात प्रकाशाचा काही संबंध नाही. पण साखर गेली कुठे, हे शोधायचे तर लॅबमध्ये यावे लागते. उसात किती होती, रसात किती उतरली, चिपाडात किती राहिली, मळीबरोबर किती वाहून गेली. हा सगळा जमाखर्च 'पोल' नावाच्या आकड्यात मांडतात. कारखान्यात गव्हाणीवरच्या माणसापासून सगळ्यांच्या तोंडी हा शब्द असतो. पोलरायझेशनचा पोल, हे मात्र भाच्याने सांगेपर्यंत मलाही ठाऊक नव्हते.

पद्धत अशी. शुद्ध साखर २६ ग्रॅम घ्यायची, पाण्यात विरघळवून बरोबर १०० मिलिलिटर करायची, आणि २० सेंटिमीटर लांबीच्या काचेच्या नळीत भरायची. नळीतून एका विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडायचा. यंत्रावर १०० हा आकडा दिसला पाहिजे. साखर कमी शुद्ध असली की आकडा खाली येतो. उसाचा रस गढूळ, म्हणून तो आधी शिशाच्या एका क्षाराने निवळून घेत. (शिसे विषारी. त्याला पर्याय शोधण्यात बरीच वर्षे गेली, आणि आता बिनशिशाच्या रीती आल्या आहेत.) जुन्या यंत्रात दुर्बिणीसारख्या नळीला डोळा लावला की एक गोल दिसायचा, अर्धा उजळ, अर्धा अंधारा. स्क्रू फिरवत दोन्ही अर्धे सारखे करायचे आणि मग पट्टीवरचा आकडा वाचायचा. "मावशी, रात्रपाळीला तेच करून करून डोळे चुरचुरायचे," भाचा म्हणाला. आता आकडा आपोआप पडद्यावर येतो.

हा विशिष्ट प्रकाश म्हणजे ध्रुवीकृत प्रकाश. ध्रुवीकरण म्हटले की हल्ली लोकांना निवडणुका आठवतात, पण हा शब्द बिचारा प्रकाशाचा आहे. प्रकाश ही लाट आहे आणि ती पुढे जाताना आडवी-उभी-तिरपी, सगळ्या बाजूंना हेलकावत असते. खिडकीच्या उभ्या गजांतून एक दोर ओवा आणि टोक धरून हलवा. वर-खाली हलवलात तर लाट गजांतून पलीकडे जाईल. डावी-उजवीकडे हलवलात तर गजांना आपटून थांबेल. तसा एकाच बाजूने हेलकावणारा प्रकाश गाळून घेतला की तो ध्रुवीकृत. हा प्रकाश साखरेच्या पाण्यातून नेला की त्याची हेलकावण्याची दिशा उजवीकडे वळते. साखर जास्त, तर वळण जास्त. पोल मोजणे म्हणजे हे वळण मोजणे.

हे कुणाला आणि कसे सुचले? त्यासाठी दगडापासून सुरुवात करावी लागते. १६६९ साली कोपनहेगनच्या बार्थोलिनने आइसलँडहून आलेल्या एका स्फटिकाबद्दल लिहिले. काचेसारखा स्वच्छ, पण त्यातून पाहिले की खालची प्रत्येक रेघ दोनदा दिसते. हा कॅल्साइट. आइसलँड काळ्या बसाल्टचा देश आहे आणि आपले दख्खनही काळ्या बसाल्टचेच, त्यामुळे आपल्या खाणींतल्या पोकळ्यांतही कॅल्साइट सापडतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे झुपकेच्या झुपके पाहायला लोक जातात. मी मात्र या खेपेला कॅल्साइटपुढेच थांबले. गुलाबी, हिरव्या दगडांच्या गर्दीत तो अगदी साधा दिसतो. नाशिकची मंडळी पाहुण्यांना पंचवटी आणि पांडवलेणी दाखवतात, त्यांनी एकदा तिथेही न्यावे.

पुढे १८०८. पॅरिसमध्ये मालुस नावाचा इंजिनिअर नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत प्लेग भोगून परत आलेला. संध्याकाळी घरी बसला असताना समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवर मावळतीचे ऊन चमकत होते. त्याने तो चमकता प्रकाश कॅल्साइटमधून पाहिला आणि स्फटिक फिरवला. दोन प्रतिमांपैकी एक तेज होई तेव्हा दुसरी मंद होई, आणि आणखी फिरवला की उलट. काचेवरून परतताना प्रकाश एका बाजूचा होऊन येतो, हे त्याला कळले. ध्रुवीकरण हे नाव त्याचेच. १८१२ मध्ये तो क्षयाने गेला, सदतिसाव्या वर्षाच्या आत. आणि १८१५ मध्ये ज्यां-बातिस्त बिओने पाहिले की टर्पेंटाइनसारखी द्रव्ये आणि साखरेचे पाणी अशा प्रकाशाची दिशा वळवतात.

यात एक गोष्ट मला पटकन पचली नाही. पाण्यात साखरेचे रेणू हवे तसे पडलेले असणार. कुणी उताणा, कुणी पालथा, कुणी आडवा. मग एकाने उजवीकडे वळवले तर दुसऱ्याने डावीकडे का वळवू नये? वळण वजा होऊन शून्य का होऊ नये? नातीला विचारले तर ती म्हणाली, "आजी, स्क्रू घे." डबाभर स्क्रू ओता. प्रत्येक वेगळ्या बाजूला तोंड करून पडेल. पण आटे सगळ्यांचे उजवेच. स्क्रू उलटा धरलात म्हणून त्याचे आटे डावे होत नाहीत. साखरेचा रेणू असा आट्यांचा आहे. तो कसाही पडलेला असो, वळण एकाच बाजूला. ही गोष्ट वाचकांनी जरा ध्यानात ठेवावी, सोन्याकडे गेल्यावर तिचा उपयोग होईल.

आट्यांचा शोध लागला तो द्राक्षांमुळे, आणि नाशिककर म्हणून मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाइनच्या पिंपात तळाशी खडे जमतात, त्यातून टार्टारिक आम्ल मिळते. चिंचेत असते तेच. हे आम्ल प्रकाश उजवीकडे वळवते. पण काही पिंपांतून अगदी त्याच घडणीचे दुसरे आम्ल निघे, ते प्रकाश मुळीच वळवत नसे. त्याला रेसिमिक म्हणत. लॅटिनमध्ये रासेमुस म्हणजे द्राक्षाचा घड. १८४८ मध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने त्या दुसऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले. त्यात दोन जाती होत्या, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारख्या. त्याने चिमट्याने एकेक वेगळा केला. एका ढिगाऱ्याचे पाणी उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. एकत्र असले की एकमेकांना खोडून टाकत.

म्हाताऱ्या बिओच्या कानावर हे गेले. त्याचा विश्वास बसेना. त्याने पाश्चरला बोलावले, स्वतःजवळचे आम्ल दिले, स्फटिक आपल्या नजरेखाली तयार करून घेतले, पाश्चरने ते निवडल्यावर द्रावण स्वतः केले, आणि डावीकडे वळवील असे म्हटलेले द्रावण आधी यंत्रात घातले. पट्टी वाचायचीही गरज पडली नाही, डोळा लावताच कळले. म्हातारा गहिवरला म्हणतात. बिओचे वय तेव्हा ७४. माझ्याच वयाचा. तेहतीस वर्षांपूर्वी आपण पाहिलेल्या गोष्टीचे कारण एका पोराने आणून दाखवावे, याहून सुख ते काय?

तोवर युरोपात बिटाची साखर सुरू झाली होती. इंग्रजांच्या कोंडीमुळे नेपोलियनने तिला उत्तेजन दिले होते, आणि १८४० च्या दशकात सोलेलसारख्या कारागिरांनी साखर मोजायची यंत्रे बाजारात आणली. इथून प्रकाशाचा संबंध पैशाशी आला. मला तरी या साऱ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात बोलका वाटतो. अमेरिकेत आयात साखरेवरची जकात पूर्वी रंगावर असे. पांढऱ्या साखरेला जास्त, काळपटाला कमी. व्यापाऱ्यांनी काय केले असेल? चांगली साखर मुद्दाम काळपट करून आणली. शेवटी १८८३ च्या कायद्याने कच्च्या साखरेसाठी पोलॅरिस्कोपचा आकडा धरला. रंगाने डोळा फसतो, आट्यांना रंग नसतो.

आपल्याकडे १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि कारखाने भराभर उभे राहिले. आमच्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगावला वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये कारखाना काढला. त्या नावाच्या गोळ्या आमच्या पिढीने चघळल्या आहेत. मग १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा. तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे इथे थांबत नाही. त्या इतिहासात लॅबच्या कोपऱ्यातल्या पोलॅरिमीटरचे नाव कुणी घेत नाही, एवढीच माझी तक्रार.

पण यंत्रालाही फसवता येते. ऊस तोडून फडात तीन-चार दिवस पडला, शिळा झाला, की त्यात जिवाणू वाढतात आणि साखरेचे डेक्स्ट्रान करतात. डेक्स्ट्रान प्रकाशाला साखरेच्या सुमारे तिप्पट उजवीकडे वळवते. म्हणजे साखर नासत असते आणि पोल उलट चांगला दिसतो. शिळ्या उसाने लॅबचा कागद सुधारतो आणि पोती मात्र कमी भरतात. भाच्याच्या भाषेत, "कागदावर आहे, गोदामात नाही." उलट साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले तर वळण डावीकडे सरकते. प्रकाश उत्तर खरे देतो. पण 'किती वळले' एवढेच सांगतो, 'कुणी वळवले' ते सांगत नाही.

'कुणी' या प्रश्नाचे उत्तर आले ते १९२८ मध्ये, कोलकात्याहून. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना दिसले की रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि हा बदल त्या रेणूच्या थरथरण्याप्रमाणे ठरतो. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून खूण वेगळी. अंगठ्याचा ठसाच म्हणा. शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो तो याचाच, पण त्या भाषणांत एक गोष्ट कधी ऐकली नाही. द्रव्ये चमकतात आणि वेगळा रंग टाकतात, हे आधीपासून माहीत होते. मग ही नुसती तसली चमक कशावरून नाही? रामन यांनी दिलेल्या कारणांत एक मोठे कारण ध्रुवीकरणाचे होते. हा बदललेला प्रकाश एका बाजूने हेलकावणारा होता, साध्या चमकेत तसे घडत नाही.

रामन यांच्या खुणेत एकच खोट, ती फार दुबळी. कोटभर प्रकाशकणांमागे एखादाच असा रंग बदलून येतो. रेणू थोडे असले तर काहीच दिसत नाही. १९७४ मध्ये इंग्लंडात साउदम्प्टनला फ्लाइशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खरखरीत चांदीवर बसलेल्या रेणूंची खूण अचानक स्पष्ट दिसली. त्यांना वाटले, खरखरीत म्हणजे जागा जास्त, म्हणून रेणू जास्त. १९७७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हिशेब केला तर खूण लाखपटींनी वाढलेली, नुसत्या जागेने तेवढी वाढ होणे शक्य नव्हते. धातूच त्या खुणेला मोठे करत होता.

चांदी काळी पडते हे आपल्याला देवघरातली भांडी घासून ठाऊक आहे. म्हणून पुष्कळदा सोने. सोन्याची आणि प्रकाशाची ओळख आणखी जुनी. फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याचा वर्ख आणि सोन्याचे पाण्यातले अतिसूक्ष्म कण तपासले. वर्खातून पलीकडे पाहिले तर हिरवट दिसते आणि कणांचे पाणी माणकासारखे लाल. त्याच्या त्या लाल कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत. (कुणी लगेच सुवर्णभस्माकडे वळेल, म्हणून सांगते, तो विषय वेगळा आणि त्यात मी पडत नाही.)

हे कण करण्याच्या पुष्कळ रीती आहेत, पण पुण्याची रीत ऐकून मला फार गंमत वाटली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपल्या एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या पानांचा काढा सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात मिसळला आणि त्यातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण तयार झाले. २००४ मध्ये ते 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आले. लेखकांत बालाप्रसाद अंकमवार हे मराठी नावही आहे. आपल्याकडे ज्याला आले टाकून उकळतात त्यातून हे निघावे!

आकाराला एवढे महत्त्व का, ते झोपाळ्यावरून सांगते. सोन्याच्या कणात सुटे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची लाट आली की ते तिच्या बाजूने मागे-पुढे झुलतात. योग्य लयीत धक्का मिळाला की झोका चढतो, आणि कणाच्या टोकांपाशी विजेचा जोर दाटतो. गोल कण कुठूनही सारखाच, म्हणून त्याला कुठल्याही बाजूचा प्रकाश चालतो. पण काडीसारखा लांबट कण घेतला तर त्यात जणू दोन झोपाळे असतात. आडव्या दिशेचा झोपाळा आखूड, त्याला हिरवा प्रकाश लागतो. लांबीच्या दिशेचा मोठा, त्याला लाल किंवा लालच्याही पलीकडचा. आता वाड्यातल्या झोपाळ्याला पुढून धक्का द्यायचा सोडून कडेने दिलात तर काय होईल? कड्या कुरकुरतील, झोका जाणार नाही. काडीच्या लांबीच्या बाजूने हेलकावणारा लाल प्रकाश आला तर सोने जागे होते, काटकोनातला आला तर ढिम्म. काडीला रेणू चिकटले की झोक्याची लय किंचित बदलते आणि रंग सरकतो. तो सरकलेला रंग म्हणजे रेणू आल्याची वर्दी.

दोन कण जवळजवळ ठेवले तर आणखी चमत्कार. मधल्या फटीत, केसाच्या हजाराव्या भागाहून अरुंद, विजेचा जोर प्रचंड वाढतो. त्या फटीत अडकलेल्या रेणूची रामन-खूण मोठ्याने ऐकू येते. १९९७ मध्ये (चांदीच्या कणांवर) एकेका रेणूची खूण पाहिल्याचे दोन गटांनी जाहीर केले. पण अट तीच. प्रकाशाचा हेलकावा दोन कणांना जोडणाऱ्या रेषेच्या बाजूने हवा. नव्वद अंश फिरवला की फट मुकी. पुण्याच्या आयसरमध्ये पवन कुमार यांचा गट धातूच्या नॅनोतारांवर, कणांवर असेच काम करतो. प्रकाश कुठल्या बाजूने हेलकावत आत जातो आणि रेणूवरून कुठल्या दिशेने बाहेर येतो, याचा हा हिशेब.

आता २०१० साल. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. तिन्ही माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

पहिली, ग्लासगो आणि एक्सेटरच्या शास्त्रज्ञांनी काचेवर सोन्याची बारीक नक्षी कोरली. आकार वळणदार स्वस्तिकाचा, प्रत्येक स्वस्तिक मिलिमीटरच्या अडीच हजाराव्या भागाएवढे. काही उजवी, काही डावी. ग्रीक अक्षर गॅमावरून ते त्याला गॅमाडिऑन म्हणतात. युरोपात दुसरे नाव का घेत नाहीत हे इतिहासाच्या शिक्षकाने सांगायला नको. त्यांवर मळसूत्रासारखा गोल फिरणारा ध्रुवीकृत प्रकाश टाकला आणि वर प्रथिने ठेवली. प्रथिनेही आट्यांचीच. उजव्या स्वस्तिकावरचा रंग आणि डाव्यावरचा रंग वेगवेगळे सरकले. ग्रॅमच्या लाखो कोटीव्या भागाएवढ्या द्रव्याचे आटे ओळखता आले, असे त्यांनी लिहिले. वाढ नेमकी किती आणि कशामुळे, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. पण बिओला जिथे चमचे-चमचे साखर लागत होती, तिथून हे कुठे आले पाहा.

दुसरी गोष्ट चीनमधल्या शियामेनची. तिथल्या थ्यान यांच्या गटाने सोन्याच्या कणांवर वाळूच्या जातीचे अगदी पातळ कवच चढवले आणि ते कण संत्र्याच्या सालीवर शिंपडले. रामन-यंत्राने सालीवरचे पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखले. फळ न चिरता.

तिसरी गोष्ट आमच्या घरची, म्हणजे नाशिकची. त्या हंगामात युरोपला गेलेली आपली द्राक्षे अडकली. त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडले, आपले बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते. खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ आवरावी म्हणून ते वापरत. युरोपची मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे टनभर द्राक्षांत ५० मिलिग्रॅम. चिमूटभर मीठही त्याहून जास्त भरते. आपल्याकडच्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत हे नाव तेव्हा नव्हते, म्हणून इथून निघालेल्या मालाचे कागद स्वच्छ होते. नात्यातल्या एका घरी त्या वर्षी लग्न पुढे ढकलले. माल परदेशात पडून, पैसे अडकलेले, आणि विचारायचे कुणाला हेही कळत नव्हते. द्राक्षे तशी दिसायला देखणी होती. पुन्हा तेच, रंगाने कळत नाही.

हे वाचल्यावर मी नातीला विचारले, मग शियामेनच्या संत्र्यासारखे सोने शिंपडून आपली द्राक्षे का तपासत नाहीत? रामन-खुणेला यादी लागत नाही, जे असेल ते आपला ठसा उमटवेल. ती म्हणाली, "आजी, आहे की नाही ते कळेल. किती आहे ते नक्की कळणार नाही." मग मला तो स्क्रूचा डबा आठवला. साखरेत रेणू कसाही पडो, वळण तेवढेच, म्हणून रेणू मोजता येतात आणि त्या मोजणीवर जकात बसवता येते, कारखान्याचा जमाखर्च मांडता येतो. शिंपडलेल्या सोन्याचे तसे नाही. एखादी जोडी प्रकाशाच्या बाजूने पडलेली, ती ओरडते. दुसरी आडवी, ती गप्प. एक रेणू नेमका फटीत, दहा रेणू बाहेर. दोन बोटे सरकून पुन्हा मोजले की आकडा वेगळा. आणि बंदरावरच्या माणसाला 'मर्यादेच्या आत की बाहेर' एवढेच हवे असते. तिथे 'थोडेसे आहे' चालत नाही.

म्हणून आता खटपट चालली आहे ती सगळ्या काड्या, सगळ्या जोड्या एकाच बाजूला तोंड करून ओळीत बसवण्याची. तशा बसल्या की प्रकाशाची दिशा फिरवून पाहता येते. फटीतली खूण दिशेबरोबर चढते-उतरते, आजूबाजूची फालतू चमक तशी चढत-उतरत नाही, आणि दोन्ही वेगळ्या काढता येतात. रामन यांनी १९२८ मध्ये वापरलेली युक्तीच ही, वेगळ्या कामाला. काचेच्या पट्टीवर, प्रयोगशाळेत, हे जमते. द्राक्षाच्या सालीवर, वरच्या लव्हाळीसकट, धुळीसकट, मार्चच्या उन्हात पिंपळगावच्या बागेत हे जमवणे अजून व्हायचे आहे. आणि सीसीसीचा रेणू सोन्याला फारसा चिकटतही नाही म्हणे, गंधक असलेले रेणू कसे झटकन धरतात तसा. म्हणजे आधी त्याला सोन्याजवळ आणायचीच तजवीज करावी लागेल.

२०१० नंतर सीसीसीचे नाव तपासणीच्या यादीत आले. काढणीआधी बागेतून नमुना घेतात, तो लॅबला जातो, तिथे मोठ्या यंत्रावर शेकडो रसायने एकेक करून शोधतात. रिपोर्ट येईपर्यंत माल वेलीवरच असतो, आणि घरचे लोक दर तासाला आभाळाकडे बघतात.